पासंग

मला सिनेमा पाहताना रडायला आवडते. सत्तरी ओलांडल्यावर हे कबूल करायला हरकत नसावी. 'मुगल-ए-आझम'मध्ये अनारकलीभोवती विटा रचल्या जातात तेव्हा मी रडतो, 'श्यामची आई'त रडतो, आणि 'अमर अकबर अँथनी'मध्ये तीन भावांचे रक्त वैद्यकशास्त्राला न जुमानता एकाच वेळी एकाच बाईच्या अंगात जाते तेव्हा तर हसतहसत रडतो. आमच्या शेजारचे डॉक्टर म्हणतात, असे रक्त खरोखर चढवले तर ती माउली तिथल्या तिथे जाईल. जाईल बिचारी. मला तो प्रसंग आवडतो.

लहानपणी मोमीनपुऱ्यात असताना आमचा लाडका सिनेमा म्हणजे 'मेरे महबूब'. त्या पडद्यावर आम्ही सगळे मुसलमान नवाब होतो. झुंबरे, शेरवान्या, मुशायरे, जाळीच्या पडद्याआडची नजर. खेळ सुटल्यावर घरी यावे तर गल्लीत मागांचा खटखटाट, नळावर भांडणे आणि दुकानात तेलाच्या डब्यांमध्ये उभे असलेले माझे अब्बा. आमच्या मोहल्ल्यात एकही नवाब नव्हता. तरी त्या सिनेमाने आम्हाला खोटे दाखवले अशी तक्रार कोणी केली नाही. खोटे आपल्याला शोभून दिसत असले की माणूस हिशेब मागत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती ज्या प्रकारे कळली तेच येथे सांगायचे आहे.

रामदासपेठेत राहायला येऊन मला वीसेक वर्षे झाली. या पेठेत इमारत टाकली की दवाखाना लागतो. लेंड्रा पार्कच्या अंगाला आमचे घर, आणि भिंतीला भिंत लागून ते डॉक्टर. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, ते अजून रुग्ण पाहतात. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही चारपाच जण जमून काहीतरी पाहतो. एका रविवारी सिनेमा, दुसऱ्या रविवारी माहितीपट, असा करार आहे. सिनेमा निवडण्याची पाळी बहुधा माझी, माहितीपटाची त्यांची.

माहितीपटाशी माझी ओळख तशी जुनी, पण प्रेमाची नव्हे. आमच्या तरुणपणी टॉकीजमध्ये मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ सक्तीने लागत असे. धरण, खत, कुटुंबनियोजन, पूरग्रस्तांना मदत, आणि वरून एक धीरगंभीर आवाज. पब्लिक तेवढा वेळ बाहेर पान खात उभे राही. १९४८ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून मला कळले की त्या रिळांत किती चांगले काम दडले होते. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ साली याच संस्थेसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. राजस्थानातली माणसे, छत्री, जोडा, कंदील. निवेदन म्हणून एक शब्द नाही. त्याला बर्लिनला लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. काय पाहायचे हे सांगणारा आवाज नव्हता म्हणून पाहणाऱ्याला पाहावे लागले. बाकीच्या रिळांत तो आवाज आपले काम आधीच उरकून बसलेला असे.

आता मार्च २०२५ कडे येतो. १४ फेब्रुवारीला 'छावा' प्रदर्शित झाला होता. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो न पाहताच त्यावर मत बनवले. मी पाहिला. संभाजीराजांच्या शेवटच्या प्रसंगात मला रडू आले. त्या राजाचे हाल हा इतिहास आहे, त्यासाठी रडायला मला कोणाची परवानगी नको. पण दिवे लागले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होते आणि माझ्यापुढच्या रांगेतल्या काही मुलांच्या डोळ्यांत दुसरेच काही होते. सिनेमा एकच, तिकीट एकच. मी रुमाल खिशात घातला आणि मान खाली घालून बाहेर आलो. का घातली मान खाली? औरंगजेब माझा कोणी लागत नाही. तरी घातली.

१७ मार्चला खुलताबादची कबर हटवावी म्हणून महालात निदर्शने झाली, पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची आवई उठली, आणि रात्र पडता पडता दगड, जाळपोळ, संचारबंदी. जखमींपैकी एक जण पुढे रुग्णालयात गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना पुन्हा पेटल्या आहेत. रामदासपेठेत त्या दिवशी दुकाने उघडी होती, मुले शिकवणीला जात होती. येथून रिक्षाने पंधरावीस मिनिटांवर माझी बहीण मोमीनपुऱ्यात दाराला कडी लावून बसली होती. मी तिला दर तासाला फोन करत होतो. ती एवढेच म्हणत होती, "भाईजान, इधर मत आओ." दगड मारणाऱ्यांत आमच्याही गल्ल्यांतली पोरे होती, हे तिनेही नाकारले नाही आणि मीही नाकारत नाही.

संचारबंदी उठल्यावरच्या रविवारी आम्ही जमलो. मी म्हणालो, आज 'राम के नाम' पाहू. आनंद पटवर्धनांचा १९९२ चा माहितीपट. डॉक्टर उठले, लॅपटॉपची वायर हातात घेतली आणि तसेच थांबले. "सर, एक विचारू? हा आपण या खोलीत तीनदा पाहिला. तुमच्याच सांगण्यावरून. काश्मिरी पंडितांवरचा एखादा तुम्ही आजवर एकदाही सुचवला नाही."

मी लगेच बोललो. २००२ चे काय, मुंबईचे काय, भिवंडीचे काय. बरेच बोललो. डॉक्टरांनी वाद घातला नाही. चहा आणायला आत गेले. आणि त्या रिकाम्या मिनिटात मला माझ्या अब्बांचा तराजू आठवला.

अब्बांच्या दुकानात दांडीचा तराजू होता. सकाळी दुकान उघडले की पहिले काम म्हणजे रिकाम्या पारड्यांचा काटा पाहणे. एका पारड्याखाली तेलकट माती चिकटते, दुसऱ्याची साखळी झिजते; दांडी थोडी कलतेच. मग ज्या बाजूला उणे असेल तेथे ते एखादा तारेचा तुकडा किंवा खडा बांधत. तो पासंग. पासंग बांधणे ही लबाडी नव्हे, लबाडी टाळण्याची ती रीत आहे. मात्र तोच खडा चुकीच्या बाजूला बांधला की काटा मारता येतो. वजनमापे खात्याचा निरीक्षक वर्षातून एकदा येई. तो फार काही करत नसे. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल ठेवून काटा पाही, आणि मग दोन्ही अदलाबदल करून पुन्हा पाही. दांडी खरी असेल तर काटा तसाच राहतो. खोटी असेल तर लगेच उघडी पडते. अब्बा ही परीक्षा रोज स्वतःच करत, कोणी पाहत नसताना. त्यांना विचारले तर सूरह रहमानचे नाव घेत, ज्यात तराजूचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आणि तोलण्यात कसर न करण्याची ताकीद आहे.

माझे २००२ आणि भिवंडी हे त्या रात्री वजन नव्हते. तो चुकीच्या बाजूला बांधलेला खडा होता. डॉक्टरांनी विचारले होते एका पारड्याबद्दल. मी दुसऱ्यात हात घालून दांडी खाली ओढली.

संतुलित माहितीपट हवा, असे हल्ली सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ बहुधा असा घेतला जातो की दोन्ही बाजूंना सारखी मिनिटे द्यावीत. वाहिन्यांवर एक टोपीवाला आणि एक टिळेवाला समोरासमोर बसवतात, दोघे ओरडतात, मधला म्हणतो आम्ही संतुलन राखले. हे म्हणजे कोणताही माल ठेवला तरी पारडी समान दाखवणारा तराजू. अब्बांनी तसला तराजू भंगारात दिला असता. संतुलन हवे ते रिकाम्या पारड्यांचे. माल पडल्यावर पारडे झुकलेच पाहिजे, नाहीतर तोलायचे कशाला?

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल हा माहितीपट नव्हे, पण मला संतुलनाचा तोच सर्वांत चांगला मराठी मुलुखातला नमुना वाटतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींत ९०० माणसे मेली असे तो सांगतो: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. त्यात डिसेंबरचा मुस्लिम जमावाचा प्रक्षोभ आहे, जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतले जळीतकांड आहे, आणि जानेवारीतल्या संघटित हल्ल्यांची, पोलिसांच्या पक्षपाताची जबाबदारीही नावानिशी आहे. पारडी समान आलेली नाहीत. पण दांडी खरी आहे म्हणूनच त्या असमानतेवर विश्वास ठेवता येतो. आपल्या सभांमधून या अहवालाची अंमलबजावणी करा ही मागणी किती वेळा झाली, मीही सह्या केल्या आहेत. पण राधाबाई चाळीचा उल्लेख त्या भाषणांत मी किती वेळा ऐकला? बोटे मोजायला घेतली तर एक हात पुरतो. अहवाल आपण स्वीकारला की त्याचे एक पारडे?

नावांची अदलाबदल करून पाहण्याची ती निरीक्षकाची परीक्षा मी मग माझ्या आवडीच्या गोष्टींना लावू लागलो. 'द केरला स्टोरी'ला लावणे सोपे होते. ३२ हजार मुलींचा आकडा जाहिरातीत होता, न्यायालयात विचारणा झाल्यावर तो गळाला आणि तीन मुलींची कहाणी उरली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांना पडद्यावर खुलासा टाकायला लावला. दुसऱ्या कोणत्याही समाजाबद्दल कोणी असा आकडा फेकला असता तर मी त्याला लबाडच म्हटले असते, तेव्हा येथेही म्हणतो. परक्याचा तराजू तपासताना हात कापत नाही.

'राम के नाम'ला लावताना कापला. उलटून पाहिले: एखाद्या मशिदीच्या बाजूने निघालेली यात्रा आहे, आणि एक मुसलमान दिग्दर्शक त्यातल्या लोकांना आडवेतिडवे प्रश्न विचारतो आहे. मला राग आला असता का? आला असता, पण चित्रपट टिकला असता. कारण त्यात विरोधकांचे तोंड कोणी बंद केलेले नाही; कारसेवक स्वतःच्या तोंडाने, मनसोक्त बोलतात. आणि त्यातला सर्वांत शहाणा आवाज रामजन्मभूमीच्याच पुजाऱ्याचा, लालदासांचा आहे. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. हा माहितीपट दूरदर्शनवर यावा म्हणून न्यायालयात जावे लागले. याच दिग्दर्शकाच्या 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'साठी तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत, २००६ साली. तेव्हा माझे आवडते पारडे परीक्षेत उतरले. नापास झालो तो मी. तीनदा पाहताना एकदाही मी त्याला तपासले नव्हते. 'मेरे महबूब'ला तपासले नव्हते तसेच.

या परीक्षेला एक मर्यादा आहे, आणि ती सांगितली नाही तर मीच काटा मारला असे होईल. तेल घ्यायला गिऱ्हाईक घरून बरणी आणी. कोणाची काचेची, कोणाची पितळेची. अब्बा आधी रिकाम्या बरणीचा धडा करत, मग तेल ओतत. ज्याची बरणी जड, त्याचे तेल त्यामुळे जास्त भरत नाही. सत्तेची बरणी फार जड असते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर गोळीबार होऊन दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हे पोलिसांचे म्हणणे त्याच दिवशी सगळीकडे पोचले. मेलेल्यांचे म्हणणे पोचवायला कोण होते? पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड' पुरा करायला चौदा वर्षे लागली. अशा वेळी गोळी घालणाऱ्याला आणि खाणाऱ्याला सारखी मिनिटे द्या असे सांगणारा माणूस बरणीसकट तेल तोलतो आहे. धडा केल्यावर जे उरते त्याचे संतुलन पाहावे. मात्र येथेही सावध राहायला हवे. आपण अल्पसंख्य, आपली बरणी नेहमीच हलकी, असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. १९९० च्या श्रीनगरमध्ये ती हलकी नव्हती. घरातल्या बाईपुढे तर ती कुठेच हलकी नसते.

हे दुसरे वाक्य लिहिताना मला माझाच एक प्रसंग आठवतो. ज्योती सुभाष यांनी हमीद दलवाईंवर माहितीपट केला, नसीरुद्दीन शाह त्यात आहेत. १८ एप्रिल १९६६ ला दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तलाकच्या प्रश्नावर. सात. दलवाईंचे सगळे म्हणणे मला पटत नाही, पण त्या सातांपुढे मला नेहमीच लहान वाटले आहे. घरी मी तो माहितीपट पाहत होतो आणि मोमीनपुऱ्याहून भाचा आला. मी आवाज कमी केला. त्याने विचारले, "मामू, क्या देख रहे?" मी म्हणालो, "कुछ नहीं, पुराना कुछ है." साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी खरीच द्यावी, ही शिकवण मी भाच्यापेक्षा जास्त वेळा वाचली असेल. आणि रिमोट माझ्याच हातात होता.

आमच्या नागपूरशी या प्रश्नाचे एक जुने नाते आहे, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. 'आवारा' आणि 'श्री ४२०' लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा सोळा मिनिटांचा माहितीपट केला. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे तिच्या पायाशी असलेली बकाली. मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर सेन्सॉरने आक्षेप घेतला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या दरम्यान सरकारने काटछाटीशिवाय प्रमाणपत्र देऊ केले, पण अब्बास अडून बसले की पूर्वतपासणी ही पद्धतच घटनेत बसते का ते सांगा. निकाल २४ सप्टेंबर १९७० ला लागला आणि तो लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी: आमच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर उच्च न्यायालयात वकील आणि पुढे तिथलेच मुख्य न्यायाधीश. अब्बास हरले. सिनेमा इतर कलांपेक्षा भावना अधिक खोल ढवळतो, विशेषतः कोवळ्या वयात, म्हणून त्याची आधी तपासणी करणे गैर नाही, असे हिदायतुल्ला म्हणाले. आणि त्याच निकालात, कलेला जागा राहील असे निकष सरकारने केलेले नाहीत म्हणून कानही उपटले.

मला तरुणपणी या निकालाचा राग होता. २०२५ च्या मार्चनंतर त्यातले पहिले वाक्य मला खोटे म्हणवत नाही. तरी अनुमान पटत नाही. तपासणारे टेबल होतेच की. 'छावा'ला प्रमाणपत्र होते, 'केरला स्टोरी'लाही होते. सरकारचा निरीक्षक वर्षातून एकदा येतो. बाकीचे दिवस दुकानदार आणि गिऱ्हाईक एवढेच असतात. आणि कथापटाला मी दोष तरी काय देऊ? कादंबरीवरचा सिनेमा हा तराजू असल्याचा दावाच करत नाही. तो मिठाईचे दुकान आहे किंवा दारूचे. मिठाई खाऊन बाहेर आलेला माणूस जेव्हा म्हणतो की मी आता इतिहास तोलून आलो, तेव्हा गडबड होते. मोबाइलवरच्या वीस सेकंदांच्या चित्रफितींनी तर दुकान, तराजू आणि माल यांतला फरकच पुसला आहे. त्या रात्री महालात काय जळले आणि काय नाही, हे मला त्याच दिवशी अकरा वेगवेगळ्या फितींनी अकरा प्रकारे दाखवले. पाठवणारे बहुतेक नमाजी, सज्जन, माझ्या वयाचे.

चहा आला तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, शोधा तुम्ही. त्यांनी दोन आठवडे घेतले. अजय रैना यांचा एक जुना माहितीपट त्यांना कुठून तरी मिळाला, 'टेल देम द ट्री दे हॅड प्लँटेड हॅज नाऊ ग्रोन' अशा लांबलचक नावाचा. घर सोडून जावे लागलेला एक पंडित दिग्दर्शक कित्येक वर्षांनी श्रीनगरला परत येतो आणि कॅमेरा घेऊन हिंडतो.

मी, जो कशालाही रडतो, रडलो नाही. पाहतानाच माझ्या लक्षात आले की मी वेगळ्याच प्रकारे बसलो आहे: पुढे झुकून, कपाळाला आठ्या घालून. हा कुठे काटा मारतो आहे ते शोधत होतो. इतक्या बारकाईने मी आयुष्यात कोणताही चित्रपट पाहिला नसेल. म्हणजे मला तपासता येते. इतकी वर्षे ते कौशल्य मी एकाच बाजूसाठी राखून ठेवले होते. आणि तपासण्याच्या नादात त्या माणसाचे घर पडद्यावर येऊन गेले. मला ते दिसले, जाणवले नाही.

संपल्यावर कोणी बोलले नाही. डॉक्टरांनी दिवा लावला. म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमची पाळी आहे सर, सिनेमाची. काय लावू?"

माझ्या मनात 'गर्म हवा' होता. बलराज सहानींचा सलीम मिर्झा, आग्ऱ्याची हवेली, ती सोडताना न उठणारी म्हातारी. तिथे मी हमखास रडतो.

"माझी पाळी सोडतो," मी म्हणालो. "हाच पुन्हा लावा."